अर्धा होकार

परवा आमच्या काटेवाडीच्या शाळेत कसलासा समारंभ होता. म्हातारा म्हणून मला पुढं खुर्ची दिली होती. पाहुणा बोलायला उठला तो शिकलेला, कडक इस्त्रीचा माणूस. म्हणाला, राम म्हणा, रहीम म्हणा, येशू म्हणा, सगळं एकच आहे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्यानं वाजवल्या, त्याच्या शेजारच्यानं वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता मागून कुणीतरी उठणार, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसणार आणि म्हणणार, "न्हाय. पुन्यांदा सांगा."

पण योहान मास्तर आता कुठले उठायला. म्हणून बसून हे लिहितो आहे.

मी दुसरी पास. तिसरीत असताना बापानं काहिलीपाशी उभा केला तो उभाच राहिलो. उभ्या बारामती तालुक्यात माझ्या तोडीचा गुळव्या नव्हता. हे मी म्हणत नाही, लोक म्हणत होते. म्हणणारे मेले, म्हणून आता मला सांगावं लागतं. गुळव्या म्हणजे काय हे हल्लीच्या पोरांना ठाऊक नाही. उसाचा रस काहिलीत उकळतो, वर मळी येते, ती काढत राहायची, आणि पाक झाला, आता काहील उतरवा, हे ज्याच्या सांगण्यावरून ठरतं तो गुळव्या. मालक कितीही ओरडो. चार डोकी काहिलीभोवती उभी असली तरी शब्द एकाचाच चालतो.

तीस सालानंतरची ती वर्षं. मास्तर इंदापुरात एका खोलीत राहायचे. जातीनं म्हणा, धर्मानं म्हणा, किरिस्ताव. मिशननं त्यांना उपदेशक नेमलं होतं. इंदापूर, निरवांगी, मग इकडं काटेवाडी, बारामतीचा बाजार, कधी सुप्यापर्यंत, अशी त्यांची फेरी. मिशननं सायकल दिली होती, पण ती त्यांना चालवता येत नव्हती. कॅरियरला पुस्तिकांचं गाठोडं बांधायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. "मास्तर, बसा की तिच्यावर," असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "तिच्यावर शुभवर्तमान बसलंय. दोघांचं वझं तिला झेपायचं न्हाय."

माणूस काटकुळा. एक गुडघा दुखरा. अंगात बारा महिने काळा कोट, त्याची पाठ उन्हानं विटून तांबडी झालेली. आणि चेहरा कायम दमलेला. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, नुकतेच दहा कोस चालून आल्यासारखे दिसायचे. मी त्यांना ताजंतवानं असं एकदाच बघितलं. ते शेवटी सांगतो.

गुऱ्हाळावर ते यायचे कारण तिथं माणसं सापडतात. वाटसरूला रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही ही गुऱ्हाळाची रीत. मास्तरांचा जन्म गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, हे सगळ्यांना ठाऊक. ते कोटाच्या खिशातून आपला जर्मनचा पेला काढायचे, आम्ही वरून ओतायचो. तेव्हाची रीत तशी होती. त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. रस पिऊन झाला की पेला चिपाडाच्या भाऱ्यावर उपडा ठेवायचे आणि सुरू करायचे.

सुरू काय करायचे? एकच गोष्ट. येशू देव आहे. देवासारखा नाही, देवाचा लाडका नाही, देवच. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं, आणि देव मात्र एक. त्रैक्य म्हणायचे त्याला. एवढं घेऊन हा माणूस तसल्या गुडघ्यावर दोन तालुके तुडवत होता.

आणि गंमत अशी, की आमच्याकडं त्यांच्याशी कुणी भांडत नव्हतं. त्यांचं दुखणं तेच होतं.

आमच्यात एक थोर गृहस्थ होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. एक दिवस काकवी न्यायला आले आणि मास्तरांचं ऐकत बसले. ऐकून मान डोलावली.

"मास्तर, तुमचा येशू आपल्याला पसंत हाय," आबा म्हणाले. "गरिबाला जवळ केलं, रोगी मानसाला हात लावला. साधुपुरुष. फोटू असंल तर आना. मारुतीच्या देवळात लावू. म्या सोता खिळा ठोकतो."

आम्हाला वाटलं, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या काळी एवढा मान कोण देत होतं?

"नगं," मास्तर म्हणाले.

"का? भिताड चांगलं हाय."

"साधू म्हणून लावणार असाल तर नगं, आबा. त्यो साधू न्हाय."

"मग काय चोर हाय?"

"चोर म्हणा. चालंल. पन साधू म्हणू नका."

आबांचा हात मिशीवर गेला. "म्या मान द्यायलोय मास्तर, आन् तुमी लाथाडताय?"

"आबा, तुमच्या दारात तुमचा बाप आला. तुमी त्याला म्हणालात, या पाव्हणं, भला मानूस दिसताय, बसा वसरीवर, पानी घ्या. ह्यो बापाचा मान झाला का?"

आबा काकवी न घेताच उठले. मग मास्तर आमच्याकडं वळून बोलत राहिले. म्हणाले, खऱ्या साधूच्या पाया पडायला जा, तो पाय मागं घेतो. म्हणतो, माझ्या नको, देवाच्या पड. येशूला त्याच्या चेल्यानं तोंडावर देव म्हटलं आणि यानं पाय मागं घेतले नाहीत. मग एक तर तो लबाड, नाहीतर वेडा, नाहीतर चेला म्हणाला ते खरं. साधू बसवायला मधे जागाच उरत नाही.

आबांनी पुढं वर्षभर मास्तर दिसले की तोंड फिरवलं. मास्तर मला म्हणाले, "बरं झालं. तोंड फिरवायला म्होरं कोन तरी दिसावं लागतं."

माझंही डोकं काही कमी चालत नव्हतं. काहिलीपाशी उभं राहून माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. मी ठरवलं, या माणसाला त्याच्या तिघांचं एक करून देतो. पुढच्या फेरीला ते आले तसं म्हणालो, "मास्तर, सापडलं. ऊस, रस आन् गूळ. नावं तीन, वस्तू एकच. हाय का न्हाय?"

मास्तरांनी पेला खाली ठेवला. खरंच विचार केला त्यांनी, माझी थट्टा केली नाही. मग म्हणाले, "सखाराम, गूळ झाल्यावर रस कुठं गेला?"

"त्याचाच तर गूळ झाला."

"म्हंजे रस राहिला न्हाय. बाप काय आटून पुत्र झाला न्हाय. बाप बापच हाय, पुत्र पुत्र हाय, दोघं एकाच येळी. न्हाय. पुन्यांदा."

त्यापुढच्या खेपेला मी बेलाचं पान दिलं. तीन दलं, देठ एक. त्यांनी एक दल खुडून माझ्या हातावर ठेवलं. "हे पान हाय का पानाचा तिसरा हिस्सा?" हिस्साच होता. "देवाचं हिस्सं होत न्हाईत. तिघातला परतेक पुरा देव हाय. पुन्यांदा." आमच्या जाळव्यानं, म्हणजे चुलीत चिपाड घालणाऱ्या बापूनं, दत्ताचं नाव काढलं. ते तर मास्तरांनी दर गावात ऐकलेलं. नुसता हात हलवला आणि पेला पुढं केला. हातानं नाही म्हणता म्हणता रस मागणं त्यांनाच जमावं.

मी हट्टाला पेटलो होतो. दर हंगामात नवं काही काढायचो, ते दर हंगामात मोडून द्यायचे. मोडताना मात्र दमलेल्या तोंडावर जरा रंग यायचा.

एकदा या बापूच्या दंडावर उकळता रस सांडला. सांडला गणपाच्या हातून. गणपा मळी काढणारा, धांदरट. मोठा फोड आला. बापूनं शिव्या घातल्या, गणपा कोपऱ्यात तोंड पाडून बसला. दोघं एकमेकांशी बोलेनात. काम अडलं. तेवढ्यात मास्तर आले. काय झालं ते ऐकून घेतलं आणि सरळ गणपापाशी गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गणपा, ऊठ. बापूला भाजलंस त्याची म्या तुला माफी दिली. समदं फिटलं."

बापू चुलीपासनं ताडकन उठला. "ए मास्तर! तुमी कोन माफी देनार? भाजलंय मला!"

"म्या दिली की."

"तुमचा दंड भाजला का? आग माझी हुतीया. माफी द्यायची तर म्या देईन, न्हायतर देनार न्हाय. मधी तुमी कोन टिकोजी?"

सगळे बापूच्या बाजूनं. गणपासुद्धा म्हणाला, "व्हय मास्तर, तुमी माफी देऊन काय उपेग?"

मास्तर खाली बसले. गुडघा दाबत म्हणाले, "येशू असाच करायचा. लोकांनी एकमेकांचं वाईट केलेलं आसायचं, आन् ह्यो वाटंनं जाता जाता म्हणायचा, जा, तुझं पाप माफ. बघणारं चिडलं. म्हणालं, ह्यो कोन टिकोजी? बापू, त्यांचं बरोबर होतं. तुझं बी बरोबर हाय. ज्याचं भाजलं त्यानंच माफी द्यायची. मग दर पापात कुणाचं भाजतं? देवाचं. आन् ह्यो देतोय म्हंजे ह्याचंच भाजलंय."

बापू फोडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ते तुमचं तुमी बघा. गणप्या, ऊठ, चिपाड आन." तेवढीच माफी. पण काम सुरू झालं. मला त्यांचं सगळ्यात पटायला जवळ आलेलं बोलणं ते. पटलं नाही, पण जवळ आलं.

भांडायला म्हणून त्यांना एकच माणूस मिळाला होता, तो म्हणजे इमामभाई. बारामतीच्या पेठेत त्यांचं गुळाचं दुकान. रंग बघायला स्वतः गुऱ्हाळावर यायचे, ढेपेचा कपचा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. नमाज कधी चुकवला नाही. बोलणं आमच्यासारखंच, या मातीतलं.

"मास्तर, तुमचं समदं ग्वाड लागतं," इमामभाई म्हणाले, "पन ल्योक म्हनला की तोंड कडू हुतं. अल्ला एक. त्याला बायकू न्हाय, लेकरू कुठनं यायचं?"

"बायकोचं नाव म्या कुठं काढलं? दिव्यातनं उजेड निघतो, त्याला काय दिव्याची बायको लागती?"

मी लगेच पकडलं. "मास्तर! उदाहरण दिलं तुमी!"

"चुकलो," मास्तर म्हणाले. "घे, मोडून टाकतो. दिवा इझतो."

इमामभाई हसले. म्हणाले, "आमी ईसाला मानतो. मोठा पैगंबर. पन बंदा. देवाम्होरं वाकनारा."

"इमामभाई, एक सांगा. आभाळ नव्हतं, भुई नव्हती, मानूस नव्हता, तवा देव होता?"

"व्हता."

"मायाळू होता?"

"कायमचा. त्याचं नावच तसं हाय."

"कुणावर माया करत होता? एकट्यानं माया कशी करायची? तवा बी बाप होता, पुत्र होता, दोघांमधली माया होती. म्हणून म्या तीन म्हणतो."

इमामभाईंनी गुळाचा कपचा तोंडात घोळवला. घाईनं बोलायचा माणूस नव्हे तो. "मास्तर, म्होरं कुनी तरी लागतं ते आपल्याला. त्याला कुनाची गरज न्हाय. तुमी देवाला मानसाच्या मापानं मोजताय."

मास्तरांनी पेला उपडा ठेवला. मग म्हणाले, "हे जड हाय. देव मानसाच्या मापात येत न्हाय, हे तुमचं. त्यो आपनहून त्या मापात आला, हे माझं. भांडान बरोबर हितंच हाय."

"हितंच हाय," इमामभाई म्हणाले आणि समोरच्या ढेपेचा दुसरा कपचा मास्तरांच्या तळहातावर ठेवला. दोघं शेजारी बसून गूळ चघळत राहिले.

ते गेल्यावर मी विचारलं, "मास्तर, आमी व्हय म्हणतो तर तुमी चिडता. इमामभाई न्हाय म्हणतात तर त्यांच्यासंगं गूळ खाता. ह्यो काय न्याय?"

"इमामभाईला म्या काय म्हणतो ते कळलंय, म्हणून ते न्हाय म्हणतात. तुमाला कळलं न्हाय, म्हणून तुमी व्हय म्हणता." चष्मा पुसला. "अर्धा होकार घेऊन म्या काय करू, सखाराम? ठेवू कुठं?"

त्या हंगामात ते फारच थकलेले दिसत होते. पाटाच्या पुलापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो तेव्हा कारण सांगितलं. पुण्याहून मिशनचे पाळकसाहेब, म्हणजे मोठे पाद्री, येऊन गेले होते. म्हणाले होते, इंदापूरच्या कामाला इतकी वर्षं झाली, बाप्तिस्मा एकाचाही नाही. यंदा कुणी निघालं नाही तर काम बंद. निरवांगीच्या वस्तीतली लहान शाळा याच कामावर चालायची, तीही बंद. आणि मास्तरांनी पुण्याला बोर्डिंगात घंटा वाजवायला जायचं.

"मग आता?"

"निरवांगीची घरं बाप्तिस्म्याला तयार हाईत."

"मग अडलंय कुठं?"

"हितंच अडलंय," मास्तर म्हणाले. "तयार हाईत."

योगायोग असा, की त्याच दिवसांत नीरेच्या काठी एकाचं गुऱ्हाळ लावून द्यायला मी निरवांगीत गेलो होतो. बाप्तिस्मा झाला की लोकांना गूळ वाटायचा होता, तो माझ्याकडून घेतलेला. ढेप घेऊन मी वस्तीत गेलो, म्हणून जे झालं ते डोळ्यांनी बघितलं.

चिंचेखाली सगळी बसली होती. बायकांनी नेटकं सारवलं होतं. पितळेच्या परातीत पाणी. पाळकसाहेब आपल्यातलेच, मराठी गृहस्थ, टांग्यानं धुरळा खात आलेले. भला माणूस. घाम पुसत त्यांनी एकेक प्रश्न विचारला. देव किती? एक. येशू कोण? देवाचा पुत्र, देवच. सगळ्यांनी एका सुरात उत्तरं दिली, पोरं पाढे म्हणतात तशी. पाळकसाहेब खूश झाले. आता रीत अशी होती, की शिकवणाऱ्यानं शेवटचा एक सवाल करायचा आणि 'यांची मी खात्री देतो' म्हणायचं. तेवढं म्हटलं की डोक्यावर पाणी, झाला बाप्तिस्मा.

मास्तर उभे राहिले. समोर भागूबाई होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी, तोंडानं तिखट. मास्तर निरवांगीत आले की भाकर भागूबाईच्या घरची, हे कित्येक वर्षं ठरलेलं.

"भागूबाई, येशू देव हाय म्हणतेस. का म्हणतेस?"

"तुमी सांगितलं म्हनून."

"म्या सांगितलं नसतं तर?"

"तर कशाला म्हनले असते? तुमी यवढ्या उनाचं गुडघा वढत येता, मास्तर. तुमी काय खोटं सांगाल? तुमी म्हनाल त्यो देव."

लोक हसले. पाळकसाहेबही मायेनं हसले. मास्तर हसले नाहीत.

"उद्या म्या म्हणालो, देव न्हाय, नुसता साधू हाय, तर?"

"तर साधू," भागूबाई म्हणाली. "त्यात काय यवढं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पाळकसाहेबांकडं वळून म्हणाले, "यांची खात्री म्या देत न्हाय."

कुणाला काही कळेना. पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन आले ते मी ढेप घेऊन उभा होतो तिथंच. "मास्तर, असं करू नका," ते हळू म्हणाले. "विश्वास वाढत जातो. आज अंकुर आहे. येशूचा खासा चेला पेत्र, त्याला तरी पहिल्या दिवशी सगळं कुठं कळलं होतं?"

"पेत्र न्हाय म्हणाला होता, साहेब. येशूला वळखतच न्हाय म्हणाला, कोंबडं आरवायच्या आत. मग रडला. ह्या मानसांनी अजून एकदा बी न्हाय म्हटलेलं न्हाय."

"शाळा जाईल."

"ठावं हाय."

"तुमची जागाही."

"व्हय."

पाळकसाहेबांनी परातीतलं पाणी चिंचेच्या मुळाशी ओतलं. तोवर बातमी सगळ्यांत पसरली होती. भागूबाईचा लेक धोंडिबा पुढं आला. त्याची दोन पोरं त्या शाळेत होती.

"मास्तर, आमी व्हय म्हनलो त्यात बी खोट काढली व्हय? तुमचा देव तुमी बघून घ्या. पन तुमच्या एका न्हायपायी आमच्या पोरांची शाळा बुडाली. पोरांनी काय केलं हुतं?"

 मला विचाराल तर याचं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

भागूबाई रिकामी परात घेऊन निघाली. जाताना फक्त थांबली. "माझी भाकर गोड लागत हुती न्हवं, मास्तर? मग माझा सबूदच तेवढा कडू?"

गूळ कुणी वाटला नाही. ढेप मी तशीच परत नेली. वाटेत मास्तर सायकल धरून माझ्याबरोबर चालत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "मास्तर, मालक बोंबलला तरी म्या कच्ची काहील कधी उतरवली न्हाय. तुमी बी उतरवली न्हाय. झालं."

"न्हाय, सखाराम," ते म्हणाले. यावेळी 'पुन्यांदा' म्हणाले नाहीत. "काहील कच्ची नव्हती. गुळव्याच कच्चा. इतकी वर्षं जाळ घातला, आन् त्या मानसांना येशू दिसला न्हाय, म्या दिसलो. माझा गुडघा दिसला."

इंदापूरची खोली बंद झाली. निरवांगीची शाळा बंद झाली. सायकल मिशनला परत गेली. मास्तर पुण्याला घंटा वाजवायला गेले, असं कळलं. पुढचा हंगाम मला फार लांब वाटला. बेलाच्या जागी घालायला माझ्याजवळ दोन नवी उदाहरणं होती. मोडायला कुणी नव्हतं. इमामभाई यायचे, कपचा चाखायचे, चिपाडाच्या भाऱ्याकडं बघायचे. "मानूस वकूबाचा हुता," एवढंच म्हणायचे.

मी हिंदू. तसाच मरणार. मास्तरांचं मला तेव्हा पटलं नाही, आता पटत नाही. पण एक सांगतो. इतक्या वर्षांत मी त्यांना खोटं 'व्हय' कधी म्हणालो नाही. मान द्यायची माझी रीत तीच, आणि त्यांना तेवढा एकच मान हवा होता.

त्याच्या पुढच्या साली पुन्हा निरवांगीचं गुऱ्हाळ लावायला निघालो. दुपारची वेळ. बैलगाडी वस्तीवरून जात होती आणि चिंचेखाली पोरांचा गलका ऐकू आला. बघतो तर योहान मास्तर. तोच कोट. धुळीत बोटानं अक्षरं काढून पोरांना गिरवायला लावत होते. बोर्डिंग सोडून आपणहून परत आले होते. पगार नाही, सायकल नाही. पाळीपाळीनं घरं भाकर घालत होती. धोंडिबा अजून त्यांच्याशी बोलत नव्हता, पण त्याची पोरं पुढच्या रांगेत होती. मास्तर उठून माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा एक हात पुढं धरलेला होता, सायकलीची मूठ धरल्यासारखा. सवय.

"कसं हाय, मास्तर?"

"दमलोय," ते म्हणाले. आणि दिसतही होते तसेच, त्याहून जास्त.

भागूबाई पलीकडं सुपात बाजरी पाखडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "मास्तर, तुमी परत आलात तवापास्नं म्या इचार करत्ये. आज पाव्हण्याम्होरं सांगूनच टाकते."

"काय, भागूबाई?"

"तुमी म्हनता त्यो सोता देव. बरं. देव. मग त्याला खिळं ठोकलं, त्यो मेला. म्हंजे देवच मेला. मग तवा वर कोन हुतं? ह्ये जग कुनी धरलं हुतं? आन् मरताना त्यानं बापाला हाक मारली म्हनता. त्योच देव, तर हाक कुनाला? सोतालाच?" तिनं सूप खाली आपटलं. बाजरी उडाली. "न्हाय, मास्तर. तुमी माझी भाकर खाल्लीया, म्या तुमची न्हाय, म्हनून त्वांडावर सांगते. ह्ये मला न्हाय पटत."

मास्तरांनी चष्मा पुसायला सोगा उचलला होता. तो हातातच राहिला. हळूच माझ्याकडं वळले. सांगितलं होतं ना, त्यांना ताजंतवानं मी एकदाच बघितलं. ते तेव्हा.

"ऐकलंस, सखाराम? न्हाय म्हणाली."

"ऐकलं."

"वर कोन हुतं, इचारतीया! हाक कुनाला, इचारतीया! आरं, म्या दोन तालुकं हिंडलो, हे कुनी तरी इचारावं म्हणून."

आणि तो माणूस गुडघा विसरून भागूबाईच्या समोर मांडी घालून बसला, सांडलेल्या बाजरीतच. "भागूबाई, पुन्यांदा सांग. हाक कुनाला?"

"आधी भाकर खावा. गार झालीया."

"भाकर राहू दे. पुन्यांदा."

मला उशीर होत होता. मी बैलांना हाकारलं. मास्तरांनी माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. ओढा ओलांडेपर्यंत भागूबाईचं "न्हाय, न्हाय, आसं कसं" मागून ऐकू येत होतं, आणि तिच्या प्रत्येक 'न्हाय'मागून मास्तरांचं हसणं.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत.